चांदीचे चार अणू

हौसेसाठी कॅमेरा घ्यायचा तर डिजिटल की रोलचा, ही चर्चा बहुधा खर्चापाशी येऊन थांबते. पण दोन्हींच्या पोटात उजेडाचं काय होतं ते एकदा पाहावं, इतकं ते विलक्षण आहे.

डिजिटलमध्ये सिलिकॉनवर प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो. प्रत्येक पिक्सेल ते साठवतो आणि मग मोजदाद होते. पिक्सेलला रंग मात्र कळत नाही. म्हणून त्याच्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी बसवतात आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने काढतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं.

रोलची गोष्ट मला याहून अद्भुत वाटते. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. एका स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन. उजेड लागल्यावर त्यातले जेमतेम चार जरी एका जागी धातूच्या अणूंत बदलले, तरी काम झालं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण डेव्हलपर हे रसायन नेमका असा स्फटिक हेरतं आणि तो अख्खा चांदीचा करून टाकतं.

आणि ही खूण टिकते किती! १८९७ मध्ये आंद्रे नावाचे स्वीडिश साहसवीर आणि त्यांचे दोन सोबती बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतलेच नाहीत. १९३० मध्ये क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत फिल्मही. ३३ वर्षं बर्फात पडलेल्या त्या फिल्मवरून स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी ९३ फोटो काढले. बर्फावर कोसळलेलं बलून त्यात दिसतं.

तरी शिकायला डिजिटलच घ्या. अॅपर्चर बदललं की परिणाम लगेच समोर येतो, चूक तिथल्या तिथे कळते. फक्त उन्हात जपा: पिक्सेलची बादली एकदा भरली की पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या गेल्या त्या गेल्याच. तिथे एक्स्पोजर जरा कमी ठेवावं. निगेटिव्ह फिल्मचं उलट. तिला जास्तीचा उजेड चालतो, कमी पडलेला नाही.

हात बसला की एक ब्लॅक अँड व्हाइट रोल मात्र जरूर वापरा, आणि तो घरीच धुवा. काळ्या पिशवीत चाचपडत टाकीत भरायचा, डेव्हलपर साधारण २० अंशांवर ठेवायचा, मग हायपो. उजेड न लागलेले स्फटिक हायपोत विरघळतात. त्याआधी टाकीचं झाकण उघडू नका.