गोव्यातील कॅथलिक प्राथमिक शाळा : अध्यापनाचे माध्यम आणि बालकाचे स्वास्थ्य

प्राथमिक शाळेच्या गुणवत्तेचा विचार सामान्यतः निकाल, शिस्त आणि भौतिक सुविधा या अंगांनी केला जातो. बालकाचे मानसिक स्वास्थ्य हा त्याला जोडलेला, काहीसा दुय्यम विषय मानला जातो. गोव्यातील कॅथलिक प्राथमिक शाळांच्या बाबतीत मात्र हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. वर्गात कोणत्या भाषेत शिकवले जाते, या एकाच प्रश्नात दोन्ही गुंतलेले आहेत.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर प्राथमिक शिक्षणाचा विस्तार झपाट्याने झाला. हिंदू समाजातील मुले प्रामुख्याने मराठी शाळांकडे वळली, तर चर्चशी संलग्न शाळांनी बहुतांशी इंग्रजी माध्यम स्वीकारले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीस राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला. त्यानंतर १९९० मध्ये शासनाने मातृभाषेतून, म्हणजे व्यवहारात कोकणी वा मराठीतून, शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण अवलंबिले. तेव्हा धर्मप्रांताच्या व्यवस्थापनाखालील शाळांनी आपले माध्यम इंग्रजीवरून कोकणीवर आणले.

शैक्षणिक दृष्टीने या निर्णयाचा पाया भक्कम होता. १९५३ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या अहवालात प्रारंभिक शिक्षणासाठी मातृभाषेचा पुरस्कार केला होता. भारतीय संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदातही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा निर्देश आहे. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा बोलीभाषेची मोठी पुंजी त्याच्यापाशी असते. त्या पुंजीचा उपयोग झाला, तर अक्षर आणि अर्थ यांची सांगड लवकर बसते. तो झाला नाही, तर मूल शब्द उच्चारते, पण अर्थापर्यंत पोहोचत नाही. अशा मुलाचे मौन पुष्कळदा मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते आणि तेथूनच त्याच्या भीतीला आरंभ होतो.

तथापि ‘मातृभाषा’ ही संज्ञा येथे वाटते तितकी सरळ नाही. सासष्टी वा बार्देश येथील कॅथलिक घरातील कोकणी आणि पाठ्यपुस्तकातील अंत्रुजी वळणाची कोकणी यांत शब्दसंपत्तीचे व उच्चाराचे अंतर आहे. लिपीचा प्रश्न त्याहून जटिल आहे. चर्चमधील प्रार्थना आणि १९३३ पासून निघणारे ‘वावराड्यांचो इश्ट’ हे साप्ताहिक रोमी लिपीत असते. त्यामुळे घरात कोकणी वाचणारे पालकही मुलाच्या देवनागरी पुस्तकापुढे अडखळत. शिवाय पाचवीत माध्यम पुन्हा इंग्रजी होत असल्याने चार वर्षांत कमावलेला आत्मविश्वास एकाएकी कसोटीला लागे. पालकांची तक्रार मुख्यतः या तुटीविषयी होती. तिच्याकडे केवळ इंग्रजीचा मोह म्हणून पाहणे न्याय्य ठरणार नाही.

२०११ मध्ये शासनाने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. २०१२ नंतर आलेल्या शासनाने अल्पसंख्याक संस्थांच्या अशा शाळांचे अनुदान चालू ठेवले. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याविरुद्ध आंदोलन केले. या वादात भाषेची अस्मिता, पालकांचा अधिकार आणि अल्पसंख्याकांचे स्वातंत्र्य या तिन्ही बाजू हिरिरीने मांडल्या गेल्या. वर्गातील मुलाला काय समजते, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

कायद्याच्या क्षेत्रातही हीच गुंतागुंत दिसते. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम आणि भयमुक्त अध्ययन या दोन अपेक्षा शेजारी-शेजारी नोंदल्या आहेत, तर कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहे. परंतु २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही, असे ठरविले. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती शासनाला करता येणार नाही, असेही म्हटले. पहिल्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने उपस्थित केला.

कायद्याचे बंधन सैल असले, तरी कॅथलिक शिक्षणपरंपरेचे स्वतःचे निकष आहेत. संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनी विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर आपली शिक्षणपद्धती उभारली व शिक्षेऐवजी शिक्षकाच्या सततच्या सान्निध्यावर भर दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आई-वडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक मानले आहे. हे तत्त्व प्रमाण मानले, तर आई-वडिलांची भाषा शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवता येणार नाही.

यावरून व्यवहारात काही गोष्टी सुचतात. माध्यम इंग्रजी असले तरी पहिल्या दोन इयत्तांत मुलाला घरच्या कोकणीत उत्तर देण्याची मुभा असावी. माध्यम कोकणी असेल, तेथे स्थानिक बोलीतील शब्द चुकीचे ठरवले जाऊ नयेत आणि पाचवीतील इंग्रजीची पूर्वतयारी तिसरीपासून क्रमाने व्हावी. या वर्गांत स्थलांतरित कुटुंबांतील कन्नड वा हिंदी भाषक मुले असतात, तेथे त्यांच्या भाषेचीही शिक्षकाने दखल घ्यावी. शाळेच्या तपासणीत निकालाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले जावेत : मूल आपण होऊन शंका विचारते का, चुकल्यावर पुन्हा बोलू धजते का, आणि त्याचा अभ्यास घरात कोणाला तरी समजतो का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर माध्यम कोणतेही असो, त्या शाळेस गुणवत्तेची शाळा म्हणणे योग्य ठरेल.