शोक एका घराचा, पाहुणचार गावाचा : मेक्सिकोतील 'मृतांचा दिवस'

मेक्सिकोमध्ये दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबर रोजी दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ 'दिआ दे मुएर्तोस' अर्थात 'मृतांचा दिवस' पाळण्यात येतो. पहिला दिवस बालवयात निवर्तलेल्यांचा आणि दुसरा प्रौढांचा, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. या काळात मृतांचे आत्मे काही तासांसाठी स्वगृही परततात, अशी श्रद्धा असल्याने घरोघरी लगबग चालते ती पाहुणे येण्यापूर्वीची असते. 'पाळण्यात येतो' हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग येथे काहीसा अपुरा वाटतो, तो त्यामुळेच.

घरातील मांडणीला 'ओफ्रेंदा' म्हणतात. या शब्दाचा अर्थ अर्पण. मृताचे छायाचित्र, मेणबत्त्या, मीठ, दूरच्या प्रवासाने तहानलेल्यासाठी पाणी, कोपाल नावाच्या राळेचा धूप, त्याच्या आवडीचे पदार्थ आणि 'पान दे मुएर्तो' हा गोड पाव तिच्यावर ठेवला जातो. (यातील 'पान' आणि पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला 'पाव' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत.) रस्त्यापासून ओफ्रेंदापर्यंत 'सेम्पासुचिल' फुलांच्या पाकळ्यांची वाट घालतात, तिच्या रंगाने आणि गंधाने आत्म्याला घर सापडावे, हा हेतू. सेम्पासुचिल म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याच्या तोरणातील हे फूल मूळचे मेक्सिकोकडचेच.

मात्र ही परंपरा एका कुटुंबापुरती राहत नाही. पुएब्ला राज्यातील वाकेचुला या गावात हे विशेष ठळकपणे दिसते. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल, तेथे पांढऱ्या सॅटिनने मढवलेली, अनेक स्तरांची, जवळजवळ छताला भिडणारी वेदी उभारली जाते. तिच्या पायथ्याशी रडणाऱ्या बालकांच्या लहान मूर्ती मांडतात. मृताचे छायाचित्र बहुधा थेट न दिसता समोरच्या आरशातील प्रतिबिंबात दिसेल, असे ठेवतात, कारण ती व्यक्ती आता या जगातली नाही. त्या दिवसांत घराचे दार सर्वांसाठी उघडे असते. परिचित असो वा अपरिचित, येणारा मेणबत्ती किंवा फुले घेऊन येतो, वेदीसमोर क्षणभर थांबतो आणि यजमान त्याला जेवू घालतात. खर्च मोठा असतो आणि तो शोकात असलेल्या कुटुंबालाच करावा लागतो. परंतु याच कुटुंबाने आधीच्या वर्षांत इतरांच्या दारी जाऊन तसेच अन्न घेतलेले असते. दुःखाच्या पहिल्या वर्षी घर एकटे पडू नये, याची ही जुनी तजवीज म्हणता येईल.

मिचोआकान राज्यात पात्स्क्वारो सरोवराच्या परिसरातील पुरेपेचा समाजाची कुटुंबे कबरींपाशी रात्रभर जागरण करतात. राजधानीच्या आग्नेय भागातील मिस्किक येथे २ नोव्हेंबरच्या रात्री चर्चलगतची दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळून निघते. ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, अशा आत्म्यांसाठीही अनेक ठिकाणी एखादी मेणबत्ती वा पाण्याचा पेला घराबाहेर ठेवण्याची रीत आहे.

स्पॅनिश राजवटीबरोबर आलेले कॅथलिक चर्चचे दोन स्मृतिदिन आणि त्यापूर्वीचे स्थानिक विधी यांचा संगम या परंपरेत झाला. कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मक्याच्या वार्षिक पीकचक्राची सांगताही याच सुमारास होते. युनेस्कोने २००३ मध्ये या उत्सवाचा गौरव केला आणि २००८ मध्ये त्याचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समावेश झाला. राजधानीतील प्रसिद्ध भव्य संचलन मात्र अलीकडचे आहे. २०१५ च्या 'स्पेक्टर' या बाँडपटात असे एक काल्पनिक संचलन दाखवले गेले आणि २०१६ पासून ते प्रत्यक्षात निघू लागले. पर्यटकांना ते भावते. परंतु त्यात कोणी कोणाच्या दारी जात नाही.

२०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे राजधानीतील दफनभूमी या दिवसांत बंद ठेवाव्या लागल्या. सरकारने ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असा तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. ज्यांना अंत्यविधीलाही धड जमता आले नव्हते, अशा कुटुंबांना कबरीजवळ बसण्याचीही मुभा त्या वर्षी नव्हती. ओफ्रेंदा तेवढी घरी मांडता आली.

काही घरांत तीही मांडता येत नाही. मेक्सिकोतील बेपत्ता व्यक्तींच्या अधिकृत नोंदीने मे २०२२ मध्ये एक लाखाचा आकडा ओलांडला. संघटित गुन्हेगारीच्या हिंसाचाराशी यांपैकी बऱ्याच प्रकरणांचा संबंध आहे. छायाचित्र ओफ्रेंदावर ठेवणे म्हणजे ती व्यक्ती मृत असल्याचे मान्य करणे. त्यामुळे अनेक माता ते ठेवण्यास नकार देतात. स्वतः फावडी घेऊन माळरानावर शोध घेणाऱ्या मातांचे गट अनेक राज्यांत आहेत. अवशेष सापडून ओळख पटली, तर त्या वर्षी छायाचित्र वेदीवर जाते. तोवर ते मोर्चांतील फलकावर असते.