आधी घरी उंची मोजा

सुट्ट्या लागल्या की मोठी मुलं विचारतात, "इमॅजिकाला कधी जायचं?" कडेवरच्याचा विचार मागेच राहतो. खोपोलीजवळचं हे पार्क 2013 साली सुरू झालं; अकोल्याहून ते पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. अमरावती-मुंबई एक्सप्रेस रात्री अकोल्याहून जाते. पहाटे कल्याणला उतरलात की कर्जतमार्गे खोपोलीला लोकलने जाता येतं. रेल्वेत पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, पण बर्थही नाही. म्हणजे तो अम्मीच्या कुशीत आणि अम्मीची झोप गेली. म्हणून त्याच सकाळी पार्कात शिरू नका. खर्च वाढतो, तरी एक रात्र मुक्काम करा.

मोठ्या राइडना उंचीची अट असते. घरीच भिंतीवर पेन्सिलने खूण करा, पार्कची अट पाहा आणि मुलाला आधीच सांगा. अर्धा तास रांगेत उभं राहून "तू नाही" ऐकलेलं लेकरू दिवसभर सावरत नाही.

दुपारची झोप मोडू नका. बाळ सावलीत निजलं की जोहरची नमाज दोघांनी आळीपाळीने अदा करावी. आणि हो, एखादी राइड अम्मीचीही असू द्या. ती काही पिशव्या सांभाळायला आलेली नाही.

दोन वर्षांच्याला मात्र मी इतक्या लांब नेणार नाही. त्याला वडाळी तलावाची बाग, दादीचं बोट आणि रात्री घरची गादी पुरते.