मान हलली, पण होकार की नकार?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घराघरांतून स्लीपिंग बॅग, टॉर्च आणि डासांच्या मलमाची शोधाशोध सुरू होते. मुलं समर कॅम्पला निघतात. आपण जेवणाची, डॉक्टरची, तलावाची बारीक चौकशी करतो. पण मुलं ज्यांच्या हाती सोपवायची, ते केबिनमधले ताई-दादा कुठले, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

त्यांतले काही थेट परदेशातून आलेले असतात. 1861 साली कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन या मुख्याध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना चालत समुद्रकाठी मुक्कामाला नेलं. अमेरिकन कॅम्पची परंपरा तिथपासून मोजतात. पुढे 1961 च्या फुलब्राइट-हेज कायद्याने परदेशी पाहुण्यांशी देवाणघेवाणीला पाया मिळाला. आज कॅम्प कौन्सेलर म्हणून जे-1 व्हिसावर येणारा तरुण किमान 18 वर्षांचा असावा लागतो आणि जास्तीत जास्त 4 महिने राहू शकतो. त्याला स्वयंपाकाला किंवा भांडी घासायला लावायचं नाही, मुलं सांभाळणं हेच त्याचं काम, असं नियमच सांगतो.

आता समजा, कोल्हापूरचा एखादा मुलगा आला. ‘कॅम्प’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर येतं ते कॉलेजचं शिबिर. 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने हा शब्द आपल्याकडे गावोगाव नेला. गावात मुक्काम, श्रमदान, रात्री बौद्धिक! इथे मात्र वल्ही मारायची, शेकोटीभोवती वेडीवाकडी गाणी म्हणायची आणि पन्नाशीच्या डायरेक्टरला नुसत्या नावाने हाक मारायची. त्याची जीभच रेटत नाही. वडीलधाऱ्याने सांगितलेलं समजलं नाही, तर पुन्हा विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. तो मान डोलावतो आणि गप्प बसतो. शेकोटीवर भाजलेला मार्शमेलो नको म्हणाला, तर ‘लाजतोय’ असं ठरतं. त्यात प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं आणि तो शाकाहारी आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गंमत इथवर ठीक आहे. तलावाकाठी मात्र ती महागात पडू शकते. पोहताना मुलांच्या जोड्या लावतात; शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरायचा आणि कौन्सेलरने डोकी मोजायची. “सगळे आहेत ना?” या प्रश्नाला आपला मुलगा मान डोलावतो, ते अमेरिकन माणसाला ‘नाही’ किंवा ‘कोण जाणे’ असं वाटतं. बल्गेरियात तर मान वर-खाली केली की ‘नाही’ आणि आडवी हलवली की ‘हो’! म्हणजे तिथला तरुण ‘नाही’ म्हणत असताना समोरचा निर्धास्त व्हायचा.

आम्ही इंजिनिअर मंडळी म्हणतो, संदेश पाठवला म्हणजे पोचला असं नव्हे, पोचपावती हवी. कॅम्पवरही तोच उपाय आहे. “समजलं का?” असं विचारू नये, “आता तू काय करणार, ते सांग” असं म्हणावं. मोजणीचं उत्तर मानेने नको, आकड्याने हवं. “शंका विचारलेली आम्हाला आवडते” हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. मुलांना सोडायला जाल तेव्हा डायरेक्टरला विचारा, नव्या परदेशी मंडळींना हे कसं शिकवता?

आणि त्या ताई-दादांशीही दहा मिनिटं बोला. मात्र बोलताना ‘सगळे पोलिश असेच’ किंवा ‘मेक्सिकन तसेच’ अशा चिठ्ठ्या चिकटवू नका. पुण्याचा आणि गडचिरोलीचा मुलगा तरी कुठे सारखा असतो? त्यांनाच विचारा : घरी कोण कोण आहे, काय खाता, इथे काय अवघड जातं?

आपल्यापैकी कित्येक जण दोन बॅगा घेऊन इथे विद्यार्थी म्हणून उतरलो. पहिल्या थँक्सगिव्हिंगला कुणीतरी घरी जेवायला बोलावलेलं अजून आठवतं ना? कॅम्प जवळ असेल, तर डायरेक्टरच्या परवानगीने, सुट्टीच्या दिवशी एखाद्या कौन्सेलरला वरण-भात खायला बोलवा. तो मराठीच असला पाहिजे असं नाही. घरी फोन करायला निवांत कोपरा आणि पोटभर जेवण एवढंही त्याला पुष्कळ होईल. दुसऱ्या दिवशी तो आपल्याच मुलांकडे परत जाणार आहे.