परवाना देशाचा, वाहन राज्याचे
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ नुसार वाहनचालक परवाना संपूर्ण भारतात वैध असतो. परराज्यात स्थायिक होणाऱ्याने त्यावरील पत्ता तेवढा बदलून घ्यावा. त्याच्या वाहनाला मात्र ही मुभा नाही. बारा महिन्यांहून अधिक काळ ते तेथे राहिले, की नवा नोंदणी क्रमांक आणि नवा कर आलाच. जुन्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे वेगळे. कारण राज्यघटनेने वाहनकर राज्यसूचीत ठेवला आहे. २०२१ च्या ‘बीएच’ मालिकेने हा जाच कमी केला, पण प्रामुख्याने सरकारी नोकर आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी यांच्यापुरताच. पोटासाठी राज्य बदलणारा कारागीर वा लहान दुकानदार त्याबाहेरच राहिला. करवाटपाचा तिढा राज्यांनी आपसांत सोडवावा. त्याचा भुर्दंड नागरिकावर पडू नये.