बाटलीतला मसाला, उंबराचं पाणी

मरोळ गावठाणात मी पहिल्यांदा गेले तेव्हा एप्रिल संपत आला होता. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, गल्ली अरुंद झाली आणि कौलारू घरं, लाकडी कठड्यांचे ओटे दिसू लागले. वळणावर चुन्यानं रंगवलेला क्रूस होता, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ. गल्लीभर मिरचीचा खाट सुटलेला. मैत्रिणीच्या सासूबाईंनी मसाला बघायला बोलावलं होतं. दारात उभी राहून मी ‘गुड मॉर्निंग आंटी’ म्हटलं. कढईतला हात न थांबवता त्या म्हणाल्या, “आयलीस? बस. तुला मराठी येत नाय का?”

त्या प्रश्नानं मला जे शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं. नाव ख्रिस्ती आणि घरावर क्रूस दिसला की आपण मराठी माणसं आपोआप इंग्रजीकडे किंवा हिंदीकडे वळतो. ही माणसं गोव्याची असावीत, असंही धरून चालतो. प्रत्यक्षात ही माणसं ईस्ट इंडियन, म्हणजे साष्टी, मुंबई आणि वसई पट्ट्यातले मूळचे लोक, आणि त्यांची घरातली बोली कोळी-आगरी बोलींच्या जवळची मराठी.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि भोवतालची बेटं पोर्तुगीजांना दिली. पुढे फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री गावोगाव फिरले. कुणबी, कोळी, भंडारी, पाचकळशी अशा जातींतली अनेक घरं ख्रिस्ती झाली, पण शेत, होडी, बोली, लग्नाच्या चालीरीती सुटल्या नाहीत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले आणि ही माणसं आपल्याच गावात राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र पुष्कळ उशिराचं आहे. इंग्रजी अमलात नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरहून ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले. त्यांच्याहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी कळावं म्हणून 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची ही खूण भूमिपुत्रांनी स्वतःला लावून घेतली. टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी आणि 1925 साली मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा याच समाजातले.

पुन्हा अंगणात येते. मसाल्याला काश्मिरी मिरची रंगासाठी, रेशमपट्टी तिखटासाठी. मग धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, जिरं, दगडफूल, नागकेशर, तिरफळ, जायपत्री आणि दाटपणासाठी गहू नि हरभऱ्याची डाळ. जिन्नस पंचवीसच्या पुढे जातात आणि प्रत्येक घराचं प्रमाण निराळं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखशीला पुरे होईल तेवढ्या आचेत हळकुंड कच्चंच राहतं. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायकांच्या टोळ्या उन्हाळ्यात गावठाणोगावठाण फिरत आणि लाकडी उखळात मुसळांनी घाव घालत. कुटलेला मसाला चाळून बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत भरायचा. सासूबाई थोडा मसाला ओतत, लाकडी काठीनं दाबत, पुन्हा ओतत. आत हवा राहिली तर मसाला बिघडतो आणि उजेड लागला तर रंग उतरतो. पावसाळ्याआधी बाटल्या फळीवर लागल्या की वर्षाची बेगमी झाली. ‘बॉटल मसाला’ हे नाव असं पडलं.

या मसाल्याचं जेवण समजायचं तर लग्नघरच हवं. लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ असतं. बायका लाल लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात आणि वर-वधूच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. उंबराला आपल्याकडेही मान, तो दत्ताचा, त्याला हात जोडल्याशिवाय आपण पुढे जात नाही. धर्म बदलला तरी झाडाशी आणि पाण्याशी असलेलं नातं या लोकांनी सांभाळलं. मला त्या मिरवणुकीतलं सगळ्यात मोठं सौंदर्य हेच वाटतं. सोबतीला घुमट वाजतं, मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं कातडं आलं.

पानात फुगे येतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि आंबवायला ताडी. हे सैल पीठ मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर काढायचा आणि तेलात सोडायचा, की तो टम्म फुगतो. नाव सरळ आपल्या ‘फुगणे’ या क्रियापदाचं. त्याबरोबर डुकराच्या मांसाचं, व्हिनेगर घातलेलं सारपोतेल, जे शिजवल्यावर दोन दिवस मुरलं की खरं लागतं. बाजूला कोंबडीची खुडी, दुधी घातलेलं मटणाचं लोणवास आणि तांदळाच्या, हातावर थापलेल्या भाकऱ्या. डुकराचं मांस खात नसाल तर तसं आधी मोकळेपणानं सांगा, कुणाला राग येत नाही. पानात घेऊन तोंड वाकडं केलं तर मात्र येतो.

असंच आपलं खाणं आणि बोली जपणारे गरीफुना नावाचे लोक जगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर आहेत. आफ्रिकी आणि कॅरिब रक्ताच्या मिश्रणातून सेंट व्हिन्सेंट बेटावर हा समाज घडला आणि 1797 साली इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावून रोआतान बेटावर नेऊन सोडलं. नारळाच्या दुधातला मासा आणि कुटलेली केळी हे त्यांचं ‘हुदुत’. त्यांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना युनेस्कोनं 2001 मध्ये मानवी वारशाच्या यादीत मान दिला. आता प्रवासी तिथे ढोल ऐकायला आणि उखळात मुसळ मारून बघायला जातात. त्यांच्याविषयी वाचताना मला मरोळचं उखळ आठवत राहिलं. गरीफुनांना भूमीवरून हलवलं. इथे माणसं जागेवर राहिली आणि भूमी त्यांच्याखालून गेली.

मरोळच्या आसपासची शेतं आणि कुरणं आरे दुग्ध वसाहत, औद्योगिक वसाहत आणि 1973 सालच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात गेली. जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेलं सेंट जॉन चर्च 1840 च्या सुमारास साथीमुळे सोडावं लागलं. त्याचे भग्न अवशेष आज सीप्झच्या कुंपणाच्या आत आहेत. स्वतःच्या पूर्वजांच्या चर्चमध्ये जायला गावकऱ्यांना फाटकावर परवानगी लागते. मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे प्रार्थना होते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ हा पिकाचा सण असतो, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. ज्यांची शेतं गेली त्यांना आता लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. सण त्यांनी सोडलेला नाही.

बघायला जाणाऱ्यानं हे सगळं मनात ठेवून जावं. गावठाण हे लोकांचं घर आहे. ओट्यावर बसून न विचारता फोटो काढणं, उघड्या दारातून आत डोकावणं, उंबराच्या पाण्याच्या मिरवणुकीत मोबाईल उंचावून पुढे घुसणं, हे मी पाहिलं आहे आणि त्या बायकांचे आवळलेले चेहरेही पाहिले आहेत. गोराईच्या गावठाणात जायला बोरिवलीच्या जेट्टीवरून होडी मिळते, मालाडच्या मार्वेहून मनोरीला जाता येतं. मनोरीत समाजानं स्वतः जमवलेल्या लुगड्यांचं, भांड्यांचं, अवजारांचं छोटं संग्रहालय आहे. सुरुवात तिथून करावी. मसाला घ्यायचा तर करणाऱ्या बाईकडूनच घ्यावा आणि सांगेल तो भाव द्यावा, कारण त्या बाटलीत चार दिवसांची धग असते.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती माणूस मराठीचा अध्यक्ष कसा, असा प्रश्न काहींनी विचारला होता. त्याचं उत्तर उत्तन-गोराईच्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिळालं असतं.

येत्या उन्हाळ्यात मसाल्याच्या दिवसांत जा. आधी निरोप पाठवून, होकार आल्यावरच जा. आणि दारात पाऊल ठेवताना पहिला शब्द मराठीत बोला.