पाणी न पिता केलेली बारा तासांची ड्युटी

विहारात रक्तदाब तपासायला बसलो की बाया हात पुढे करतात, पण सांगायचे असते दुसरेच. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सात जणी आल्या. सगळ्यांची तक्रार एकच. लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे. त्यातल्या पाच जणी साड्यांच्या नाहीतर तयार कपड्यांच्या दुकानात कामाला. आम्ही विचारले, दिवसभरात पाणी किती पिता? एक म्हणाली, "ताई, सकाळी चहा पिऊन निघते, मग पाणी घरी आल्यावरच. दुकानात संडास नाही. शेजारच्या हॉटेलात जायचे तर शेठला विचारावे लागते. रोज रोज काय विचारायचे?"

हा आजार तिच्या अंगात दिसतो, पण सुरू होतो दुकानात. लघवीच्या जागी जंतू पोचतच असतात. भरपूर पाणी प्यायले आणि वेळेवर लघवी केली की ते धुऊन निघतात. बाईची मूत्रनलिका आखूड असते, त्यामुळे जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. त्यात पाणी बंद आणि लघवी तासन् तास दाबून धरलेली, म्हणजे जंतूंना वाढायला मोकळे रानच. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असावेत असे समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटुशीने तर नुसत्या जळजळीलाही थांबू नये, कारण अशा संसर्गाने दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणून जळजळ थांबली की बंद करणे, हे आमच्या बायांचे नेहमीचे. तसे करू नका. लघवी तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरे करा.

पण औषध संपले की ती पुन्हा त्याच दुकानात उभी राहणार. म्हणून आम्ही दुकानदारांना भेटायला गेलो. पहिल्या दोघांनी चहा पाजून वाटेला लावले. तिसऱ्याचे ऐन दिवाळीत दोन मुलींच्या आजारपणाने नुकसान झाले होते, त्याने ऐकून घेतले. त्याने आजूबाजूच्या तीन दुकानांना सोबत घेतले आणि मागच्या इमारतीतल्या संडासाच्या सफाईचे पैसे चौघांनी मिळून द्यायचे ठरवले. किल्ली गल्ल्यापाशी खिळ्याला टांगली. किल्ली घ्यायला कोणाला विचारावे लागत नाही, सगळा फरक तिथेच पडला. पाण्याचा माठ आणि कचऱ्याची झाकणाची बादली नंतर मुलींनीच मागून घेतली.

उभे राहण्याचेही असेच. दहा-बारा तास उभे राहिले की पायातले रक्त वर चढायला कष्ट पडतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, एका जागी उभे असले की ते काम थांबते. मग घोट्याला सूज, पोटरीत गोळे, काही वर्षांनी निळ्या फुगलेल्या शिरा. गिऱ्हाईक नसतानाही मुलींना बसू देत नाहीत, का तर दुकान आळशी दिसते म्हणे! केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायांनी याच गोष्टीसाठी लढा दिला आणि 2018 मध्ये तिथल्या दुकाने कायद्यात बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक झाले. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यातच कलम 44 मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय लिहिलेली होती. ती कारखान्यांसाठी, दुकानातली मुलगी त्यात येत नव्हती. स्टुलाला किती पैसे पडतात? स्टूल मिळेपर्यंत निदान तासाला एकदा टाचा वीस वेळा वर-खाली करा आणि रात्री पाय उशीवर ठेवा. एकाच पायाला अचानक सूज आली आणि तो दुखू लागला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

आता चपला-बॅगांच्या कारखान्यांकडे वळू. ठक्कर बाप्पा कॉलनी असो की धारावी, दहा बाय बाराची खोली, वर माळा, सहा-सात कारागीर आणि मधोमध सोल्युशनचा उघडा डबा. त्या वासाने डोके जड होते, मळमळते, संध्याकाळी थोडी झिंगही येते. कारागीर म्हणतात, सवय होते. सवय वासाची होते, शरीराची नाही. सोल्युशन पातळ ठेवायला टोल्युइन, एन-हेक्झेन अशी द्रव्ये वापरतात. जपानमध्ये 1960 च्या दशकात घराघरांत चपला चिकटवणाऱ्यांचे हातपाय बधिर पडू लागले, काहींना नीट चालता येईना. कारण निघाले एन-हेक्झेन. ते नसा हळूहळू जाळते. पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग हाताची पकड सैल होते. आपल्याकडे याला अशक्तपणा म्हणून बी-कॉम्प्लेक्सची सुई टोचून घेतात. वेळीच काम बदलले तर पुष्कळ सुधारते, पण महिने लागतात.

ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड, म्हणून ती जमिनीलगत साचते. आणि आपला पंखा छताला! एक्झॉस्ट पंखा भिंतीच्या खालच्या बाजूला लावा आणि समोरचे दार उघडे ठेवा, म्हणजे वाफ कारागिराच्या नाकापर्यंत चढायच्या आत बाहेर जाईल. मोठ्या डब्यातून छोट्या वाटीत लागेल तेवढेच काढा आणि झाकण लगेच लावा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. थिनरने हात धुऊ नका, ते कातडीतूनही आत जाते. आणि त्या खोलीत स्टोव्ह नको, बिडी नको, झोपलेले लेकरू तर नकोच. घरीच काम आणणाऱ्या बायांना हे मुद्दाम सांगतो. भांडी घासाई-पॉलिशच्या कारखान्यांत धुळीवर गूळ देतात. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, तिथे पैसे लागत नाहीत.

यातले बरेच मालक आपल्याच वस्तीतले आहेत. काल कारागीर होते, आज कर्ज काढून चार मशिनी टाकल्यात. त्यांना आम्ही व्हिलन करत नाही, मोठा व्यापारी त्यांचेही बिल तीन-तीन महिने अडवतो. पण पगाराची तारीख नक्की ठेवणे त्यांच्या हातात आहे. ज्याला पगार कधी होईल ते माहीत नसते, त्याची झोप जाते, रक्तदाब चढतो, मग उचल, मग सावकार. शिवीगाळ बंद करणेही हातात आहे. आणि आडनाव कळल्यावर पाण्याचा ग्लास वेगळा ठेवणारे मालक आजही भेटतात. तिथे काम करणारी पोरे डोकेदुखीची गोळी मागायला येतात तेव्हा आम्ही आधी ते विचारतो. आठवड्याचे काम 54 वरून 48 तासांवर आणणारी कारखाने कायद्यातली दुरुस्ती 1946 ची, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. आजही छोट्या दुकानात बारा तास साधी गोष्ट आहे.

दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होते. कामगाराचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. नियमात बसणाऱ्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. पगारातून पैसे कापतात पण कार्ड नाही, असे असेल तर नंबर मागून घ्या. आणि जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, तिथल्या बाईला मालकाने किंवा कोणी छेडले, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुदत तीन महिन्यांची, म्हणून घडले ती तारीख वहीत लिहून ठेवा.

दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा की तुम्ही काम काय करता, किती तास करता आणि कुठे बसून करता. चपलावाल्यांनी सोल्युशनच्या डब्यावरचा कागद मोबाईलमध्ये फोटो काढून सोबत न्यावा. विहारात येणाऱ्यांनी तो आम्हालाही दाखवावा.